जुनं इंजिन टर्बोसाठी बांधताना : नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

दीड-दोन लाख किलोमीटर झालेलं पेट्रोल इंजिन उघडायचं, नव्यानं बांधायचं आणि मग त्यावर टर्बो किंवा सुपरचार्जर चढवायचा, या बेताबद्दल येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण एस्टीम, जिप्सी, जुनी सिटी किंवा स्विफ्टवाले असतात. आकडेमोडीसाठी एस्टीम-जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन धरलं आहे (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७४ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ७५.५ मिमी). दुसरी गाडी असेल तर आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, गॅरेजमधल्या ऐकीव माहितीवरून नको.

१. टर्बो लावायला इंजिन उघडायची गरज काय? किट बाहेरूनच बसतं ना?

बसतं बाहेरून, पण ताण आत येतो. साधं इंजिन वातावरणाच्या दाबानं जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर आणि सुपरचार्जर पट्ट्याच्या जोरावर त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतात. हवा वाढली की पेट्रोल वाढतं, जळण्याचा दाब आणि उष्णता वाढते. नव्या इंजिनात सोसण्याची थोडी गुंजाइश असते. दोन लाखांच्या इंजिनात ती झिजेत संपलेली असते.

२. माझी गाडी १ लाख ८० हजार चालली आहे. धूर नाही, ऑइल खात नाही. तरी इंजिन काम करावंच लागेल?

आधी तपासा, मग ठरवा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि कॉम्प्रेशन गेज वाचा. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. तो १० टक्क्यांच्या आत हवा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअर झिजलेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडे (हेड आणि ब्लॉकमधला थर) बघा.

याहून चांगली चाचणी लीक-डाउनची. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या वर गेली तर इंजिन उघडायचंच. हवा कुठून येते ते कानाला कळतं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग.

या चाचण्यांत इंजिन पास झालं तरी बेअरिंग आणि पिस्टनच्या दांड्याच्या, म्हणजे रॉडच्या, बोल्टबद्दल काहीच कळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : दीड लाखाच्या पुढे गेलेल्या इंजिनावर न उघडता बूस्ट (टर्बोनं दिलेला, वातावरणाच्या वरचा दाब) देऊ नये.

३. आरटीओला चालतं का हे? एमएच-१५ पासिंगची रोजची गाडी आहे.

रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडतो, हा त्रास वेगळा.

बोअरिंग (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं) करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं ही दुरुस्ती आहे, त्याला अडचण नाही. टर्बो हा बदल आहे. म्हणून यापुढची उत्तरं ट्रॅक किंवा रॅलीची गाडी धरून दिली आहेत. रॅलीचा क्लास कोणता पडतो ते प्रश्न १७ मध्ये.

४. नेहमीचा मिस्त्री करेल, की वेगळा माणूस शोधू?

खोलणं-जोडणं नेहमीचा मिस्त्री करू शकेल, हात स्वच्छ असेल तर. खरा प्रश्न बोअरिंगवाल्याचा आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं आहेत, हे आपलं भाग्य. पण गाड्यांचं नेहमीचं काम करणारा कारागीर समोर आलेलं इंजिन 'चालू करून द्यायचं' या हिशेबानं बघतो. त्याच्या रोजच्या सवयी टर्बोच्या गरजेच्या उलट जातात, त्या कशा ते प्रश्न ६ मध्ये आहे.

दुकानात गेल्यावर एकच विचारा : 'बोअर डायल गेजनं किती ठिकाणी मोजता?' वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, असं उत्तर आलं तर काम द्या. 'बोट फिरवलं की कळतं' असं आलं तर चहा घेऊन परत या.

५. नुसतं होनिंग (बोअर घासून बारीक रेघा पाडणं) करून रिंग बदलल्या तर चालेल का? बोअरिंग कधी?

मोजमापावर ठरतं. बोअर वरच्या रिंगच्या जागी सर्वांत जास्त झिजतो, खाली कमी, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडे लंबगोल होतो. वर-खालचा फरक ०.०५ मिमीच्या आसपास गेला असेल तर टर्बोच्या इंजिनात होनिंगवर भागवू नका. लंबगोल बोअरमध्ये गोल रिंग कधी नीट बसत नाही आणि बूस्टचा दाब थेट खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतो.

बोअरिंग पहिल्या साइजला, म्हणजे ०.२५ ला (मूळ व्यासाहून ०.२५ मिमी मोठं) निघत असेल तर तिथेच थांबा. नाहीतर ०.५०. 'एकदाच १.०० करून टाकू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ॲल्युमिनियम ब्लॉकमधले ओतीव लोखंडाचे लायनर जितके पातळ होतील तितके बूस्टखाली जास्त हलतील. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करायचं नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाचा बोअर काढायचा, आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा ते खडूनं लिहून ठेवायचं.

होनिंगच्या वेळी ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट कसलेली असावी. हेड बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. प्लेट लावून होन केलं तर हेड बसल्यावर तो गोल राहतो.

६. हेडला फेस मारायचा (तळ मशीनवर तासून सपाट करायचा) म्हणतात. मारू का?

गरज असेल तरच, आणि किती मारला ते लिहून घेऊन. सर्वांत जास्त इंजिनं इथेच बिघडतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

एका सिलिंडरचं आकारमान ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा) उदाहरणापुरता ९.५ धरू. म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा ३८.२ सीसी. आता नेहमीच्या पद्धतीनं हेडला ०.२ मिमी फेस मारला तर जागा सुमारे ०.९ सीसीनं घटते आणि रेशो ९.७ होतो. त्यात ०.५० चा बोअर केला की आकारमान ३२९.१ सीसी होतं आणि रेशो ९.८ वर जातो. ब्लॉकलाही फेस मारला तर आणखी वर. दोन लाख किलोमीटरमध्ये पिस्टनवर साचलेला कार्बन काढला म्हणून रेशो खाली येईल अशी आशा कोणी करतं, पण मूळ ९.५ हा आकडा कार्बन नसलेल्या इंजिनाचाच आहे.

थोडक्यात, साधं 'इंजिन काम' कॉम्प्रेशन वाढवतं आणि पंपावरच्या पेट्रोलवर टर्बोला ते थोडं कमी लागतं. अर्ध्या बारच्या बूस्टसाठी ९ च्या आसपास ठेवावं, असं माझं मत. वरच्या उदाहरणात ९ वर यायला ३.८ सीसी जागा परत मिळवावी लागते.

म्हणून फेस मारण्याआधी हेड सरळ पट्टी आणि फिलर गेजनं तपासा. ०.०५ मिमीच्या आत वाक असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत होण्यापुरतंच काम. जोडण्याआधी हेडमधला चेंबर (मिश्रण जळण्याची जागा) प्रत्यक्ष मोजा : हेड उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरवर ग्रीस लावून ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा चिकटवा आणि त्याच्या भोकातून ब्युरेटनं पातळ ऑइल सोडा. शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा वाचा. चारही चेंबरमध्ये अर्ध्या सीसीच्या आत फरक हवा.

७. मग हेड पॅकिंग जाड टाकून कॉम्प्रेशन खाली आणलं तर? स्वस्तात पडतं.

स्वस्त आहे, पण चुकीच्या जागी. ३.८ सीसीसाठी पॅकिंग सुमारे ०.९ मिमीनं जाड करावं लागेल. पिस्टन आणि हेडच्या सपाट कडा वर येताना जवळ येतात तेव्हा मिश्रण प्लगकडे पिळलं जातं आणि ज्वाला लवकर पसरते. ही फट वाढवली की रेशो कमी होऊनही नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारा धक्का) वाढू शकतं. जाड पॅकिंग फुटण्याची भीती आहेच. जागा पिस्टनच्या डोक्यात वाटी करून मिळवावी.

पॅकिंग पत्र्याच्या थरांचं घ्या, आणि त्याला हेड-ब्लॉकची फिनिश साध्या पॅकिंगपेक्षा बारीक लागते हे मशीनवाल्याला सांगा. हेड बोल्ट ताणून कसायच्या प्रकारचे असतील तर जुने परत वापरायचे नाहीत.

८. फोर्ज्ड पिस्टन घेतलेच पाहिजेत का?

०.३-०.४ बारपर्यंत, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) आणि चांगल्या ट्यूनिंगसह चांगले ओतीव पिस्टन टिकतात. त्यापुढे फोर्ज्ड घ्या. फोर्ज्ड पिस्टन नॉकिंगचे चार धक्के सोसतो, ओतीव पिस्टनची रिंगमधली भिंत पहिल्या-दुसऱ्यातच तुटते. पण ट्यूनिंग चुकलं तर फोर्ज्डही वितळतो, तेव्हा पैसे कुठे आधी घालायचे ते प्रश्न १४ वाचून ठरवा.

फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये फट जास्त ठेवतात : ओतीवला साधारण ०.०३ मिमी, तर फोर्ज्डला धातूप्रमाणे ०.०७ ते ०.१० मिमी. नेमका आकडा पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर असतो. तो कागद बोअरिंगवाल्याच्या हातात द्या, नाहीतर तो सवयीनं ओतीवची फट ठेवेल आणि पिस्टन जाम होईल. थंड इंजिनात मिनिटभर येणारी टकटक या पिस्टनची नेहमीची आहे, घाबरू नका.

९. रिंग खोक्यातून काढून थेट घालायच्या ना? गॅप कंपनीच देते.

नाही. बूस्टखाली वरची रिंग जास्त तापते आणि तिची टोकं जवळ येतात. ती एकमेकांना भिडली की रिंग बोअरमध्ये रुतते आणि पिस्टनची भिंत घेऊन तुटते. साध्या इंजिनाला वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या ०.४ टक्के, म्हणजे इथे ०.३० मिमी पुरतो. टर्बोला ०.५ ते ०.६ टक्के ठेवा : ७४.५ च्या बोअरला ०.३७ ते ०.४५ मिमी. दुसऱ्या रिंगला थोडा जास्त.

रिंग ज्या सिलिंडरची आहे त्यातच घालून, उलट्या पिस्टननं सरळ ढकलून फिलर गेजनं मोजा. कमी असेल तर एकाच टोकावर, बाहेरून आत अशा दिशेनं बारीक कानस मारा. दोन-तीन हात मारले की पुन्हा मोजा. जास्त गेलं की रिंग फेकायची. शेवटी टोकाची धार हलक्या हातानं मोडा, नाहीतर नव्या बोअरवर उभी रेघ पडेल.

१०. क्रँक ग्राइंड केलेला चालेल का? आणि रॉड?

क्रँक आधी चुंबकीय पद्धतीनं तडे तपासून घ्या. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) नुसते पॉलिश करून मापात बसत असतील तर ग्राइंडिंग करूच नका. करावंच लागलं तर ०.२५ पर्यंत, आणि जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच राखायला सांगा. तिथे चौकोनी धार आली की क्रँक तिथूनच तुटतो. पृष्ठभाग कडक केलेला क्रँक ग्राइंड केला तर तो थर जातो, हेही विचारून घ्या.

बेअरिंगची फट ढोबळमानानं जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी : ४५ मिमीला ०.०४५ मिमी. प्लॅस्टिगेजची (दाबली की चपटी होऊन फट दाखवणारी) तार ठेवून, पूर्ण टॉर्कला आवळून, परत खोलून मोजा. प्रत्येक बेअरिंग.

रॉडबद्दल एक गोष्ट लोक उलट समजतात. बूस्ट रॉडला दाबतं, आरपीएम रॉडला ओढतं. बोल्ट तुटतात ते बहुतेक ओढण्यानं. म्हणून अर्ध्या बारपर्यंत मूळ रॉड, नवे चांगले बोल्ट आणि मूळची रेडलाइन हे गणित जमतं. बोल्ट बदलल्यावर रॉडचं मोठं तोंड पुन्हा गोल करून घ्यावं लागतं, ते विसरतात.

११. मशीनिंग होऊन ब्लॉक आला. डिझेलनं धुतला की जोडायचा?

डिझेल-रॉकेलनं तेलकटपणा जातो, होनिंगची भुकटी बोअरच्या रेघांत तशीच बसते. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या आणि बोअर घासा. ऑइलच्या वाटा बारीक ब्रशनं आरपार. लगेच हवेनं सुकवा, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरेल. मग पातळ ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवा, चार वेळा लागो की आठ वेळा. नवं इंजिन हजार किलोमीटरमध्ये ऑइल खायला लागलं की कारण बहुधा या राखाडी डागात सापडतं.

१२. हेडमध्ये आणखी काय बघायचं?

पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्या, दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या तड्यासाठी. गाइड झिजले असतील तर आधी गाइड, मग सीट कटिंग. क्रम उलटा झाला तर सीट वाया जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट फार अरुंद कापू देऊ नका, व्हॉल्व्हची उष्णता तिथूनच हेडमध्ये जाते. व्हॉल्व्ह सील नवेच. बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं आता बंद. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं.

१३. ऑइलसाठी काय बदल लागतो?

ऑइल पंप नवा. टर्बोला ऑइल जाणारा पाइप बारीक चालतो, पण परतीचा पाइप जाड, सतत उताराचा आणि ऑइल चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उतरणारा हवा. टर्बोमधून ऑइल दाबानं बाहेर येत नाही, नुसतं ओघळतं. परतीचा पाइप वाकला की ऑइल टर्बोच्या सीलमधून निघतं, निळा धूर दिसतो आणि लोक नवी रिंग बिघडली म्हणून इंजिन खोलतात. जोरात पळवल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवावी.

१४. मूळ ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा गाडीचा संगणक) चालेल का? आणि पैसे कमी असतील तर काय आधी?

मूळ ईसीयूचा प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या फार वर वाचत नाही. बूस्ट आला की त्याला काही दिसत नाही आणि मिश्रण पातळ राहतं. वेगळा ईसीयू, मोठ्या रेंजचा सेन्सर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) हे एकत्रच घ्यायचं. साध्या पेट्रोलवर बूस्टमध्ये हवा-पेट्रोल प्रमाण ११.५ ते १२ ठेवतात. प्लग एक-दोन पायऱ्या थंड, गॅप ०.६-०.७ मिमी.

पैशांचा क्रम माझ्या मते असा : मोजमाप आणि मशीनिंग, मग ईसीयू व ट्यूनिंग, मग पेट्रोल पंप-इंजेक्टर, मग इंटरकूलर, मग पिस्टन. चकचकीत पाइप आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा फुस्स आवाज सर्वांत शेवटी. मशीनिंगचं बिल टर्बो किटपुढे किरकोळ असतं आणि घासाघीस नेमकी तिथेच होते.

१५. नाशिकची हवा थंड म्हणतात. बूस्ट जास्त देता येईल का? आणि मुंबईला गेल्यावर?

थंड हवा डिसेंबरात. एप्रिलमध्ये ४० अंशांवर अर्धा बार बूस्ट दिला तर टर्बोमधून निघणारी हवा १०० अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरशिवाय विचारच नको.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणून इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी. बूस्ट गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. त्यामुळे गेजवर तोच अर्धा बार असला तरी मुंबईत इंजिनात प्रत्यक्षात जास्त हवा जाते. नाशिकमध्ये ट्यून करताना ईसीयूमधल्या दाब-आरपीएमच्या तक्त्याचे वरचे, न वापरलेले खण रिकामे सोडले असतील तर मुंबईच्या ट्रॅकवर ते उघडे पडतात. ट्यूनरला ते सुरक्षित आकड्यांनी भरून ठेवायला सांगा.

१६. आता पंपावर ई२० मिळतं. त्यानं फायदा की तोटा?

दोन्ही. इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं, पण जाळायला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ असतं, ई२० चं साधारण १३.५. म्हणून इंजेक्टर आणि पंप निवडताना ७-८ टक्के वाढीव धरा. १२० बीएचपीसाठी साध्या पेट्रोलवर मिनिटाला २२० सीसीचे चार इंजेक्टर लागत असतील, तर ई२० वर २४० च्या आसपास घ्या. जुन्या गाडीचे रबरी पाइप बदला. प्रश्न १४ मधले ११.५-१२ हे साध्या पेट्रोलचे आकडे आहेत. वाइडबँडवर लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण) वाचलात तर इंधन बदललं तरी गोंधळ होत नाही.

१७. रॅलीत भाग घ्यायचा आहे. १३०० च्या क्लासमध्येच राहीन ना?

रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे नाशिकला हे वेड जुनं आहे, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा संघटनेच्या) नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ नं गुणतात. १२९८ ची २२०७ होते, म्हणजे दोन लिटरच्या वर. ०.५० च्या बोअरनं १३१६ सीसी झालेलं साधं इंजिनसुद्धा १३०० ची मर्यादा ओलांडतं. पिस्टन मागवण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली वाचा.

१८. रनिंग-इन (नवं बांधलेलं इंजिन रुळवणं) टर्बो लावून करायचं की आधी?

आधी, मूळ मॅनिफोल्डवर. इग्निशन काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, मग चालू करा. तासभर आयडलवर ठेवू नका, रिंग भार पडल्यावरच बसतात. साधं मिनरल ऑइल घालून सकाळी दिंडोरी रोडला काढा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २००० ते ४००० पर्यंत खेचा आणि पाय सोडून गिअरमध्येच उतरू द्या. ऑइल पहिल्या १०० किलोमीटरला, मग ५०० ला, मग १००० ला बदला. प्रत्येक वेळी फिल्टर कटरनं कापा (हॅकसॉचा भुसा आत पडतो) आणि कागद उलगडून उन्हात धरा. पहिल्या वेळी बारीक चमक चालते. तांबूस कण किंवा चुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले तर टर्बो खोक्यातच राहू द्या.

१९. सीएनजीचं ऑक्टेन जास्त असतं. सीएनजी गाडीवर टर्बो?

ऑक्टेनचं बरोबर आहे. पण बाजारातल्या किटचे रेड्यूसर आणि इंजेक्टर बूस्टच्या हिशेबानं दिलेले नसतात, व्हॉल्व्ह सीट आधीच झिजलेल्या असतात आणि गॅस संपून गाडी पेट्रोलवर आली की कॉम्प्रेशन पेट्रोललाच सोसावं लागतं. नको. डिझेलवाल्यांसाठी : तुमच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेटला टर्बो आहेच, आधी त्याच्या शाफ्टची ढिलाई आणि इंजेक्टरची परती तपासा.

२०. त्यापेक्षा कमी चाललेलं काढीव इंजिन आणून त्यावर टर्बो लावला तर?

'कमी चाललेलं' हे विकणाऱ्याचं म्हणणं. प्रश्न २ च्या चाचण्या करू देत नसेल तर उठा. करू दिल्या तरी रिंग गॅप आणि बेअरिंगसाठी ते उघडावं लागेलच, म्हणजे मशीनिंग सोडता फारसं वाचत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलतो. ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद आणि खरेदीची पावती मागा, आणि आरटीओत परवानगी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. कागद हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.